कालव्यापलीकडे न पोहोचलेली हाक

सभेचे अध्यक्ष, आपल्या जलशुद्धीकरण केंद्राचे कार्यकारी अभियंता साहेब. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या प्रयोगशाळाप्रमुख, ज्यांना प्रमुख होऊन वर्ष झालं तरी सगळं केंद्र अजून धाकट्या बाईच म्हणतं. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण आज जमलो आहोत ते, केंद्रातल्या संगणकांचं जाळं सांभाळणारे वायरकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, ज्यांनी तीस वर्षं या गृहस्थांचं गार झालेलं जेवण पुन्हा पुन्हा गरम केलं. गाळणीघरातले, टाकीवरचे, पंपघरातले आणि कार्यालयातले माझे जुने सहकारी. माझ्यानंतर आलेले आणि 'या कोण' म्हणून शेजारच्याला विचारणारे नवे कर्मचारी. आणि भाषण लांबलं तर सटकता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या आधीच धरून बसलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे 'दोन शब्द' असं छापलं आहे. दोन शब्दांत आजवर कोणी काही सांगितलं असेल तर मला भेटवा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाच्या तासाला एक सिस्टर घंटी घेऊन बसायच्या. घंटी वाजली की वाक्य अर्धवट टाकून खाली बसायचं. तेव्हापासून मला घंटीचा राग आहे. अध्यक्षांच्या टेबलावर घंटी नाही, हे मी आल्या आल्या पाहून घेतलं.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि हसतमुख.' कार्यालयातल्या लोकांना माझा एक प्रश्न आहे. सात वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळाप्रमुख म्हणून निवृत्त झाले तेव्हा माझ्याही मानपत्रात हेच तीन शब्द होते. मी आणि मनमिळाऊ? ज्यांनी माझ्या हाताखाली आठवडाभर जरी काम केलं होतं, त्यांनी त्या शब्दाला खाली माना घातल्या होत्या. आणि हे वायरकाका हसतमुख? बरोबर काम केलं त्या तेवीस वर्षांत मी त्यांना तीनदा हसताना पाहिलं, त्यातलं एकदा वीज परत आली म्हणून. मग ही मानपत्रं लिहितं कोण? जुन्या कागदावरचं नाव खोडून नवं घालतात की काय?

असो. मला राग मानपत्रात काय आहे याचा नाही, काय नाही याचा आहे. या माणसाच्या सेवापुस्तिकेत एक लेखी ताकीद आहे. नऊ वर्षांपूर्वीची. मानपत्रात तिचा उल्लेख नाही, आणि तिच्याइतकं चांगलं प्रशस्तिपत्र या केंद्रात दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. ती ताकीद कशी मिळाली ते मी आज सांगणार आहे. साहेब, तुम्ही खुर्चीत हललात ते मला दिसलं. काळजी करू नका, तुमची सही होती एवढंच सांगेन.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगते. कालव्याच्या अलीकडे आपली प्रयोगशाळा आणि कार्यालय. पलीकडे पंपघर. मध्ये लोखंडी पूल. प्रयोगशाळेत दर दोन तासांनी टाक्यांचं पाणी तपासतात. एखाद्या टाकीत क्लोरीन कमी आढळलं, की पंपघराला कळवायचं, या टाकीचा व्हॉल्व्ह उघडू नका. पूर्वी हे लाल कागदावर लिहून शिपाई पुलावरून घेऊन जायचा. पुढे संगणक आले, कागद गेला, पण नाव तेच राहिलं. लाल चिठ्ठी. प्रयोगशाळेत खिडकीपाशी एक यंत्र होतं, ते फक्त लाल चिठ्ठीसाठी. रोजचे साधे अहवाल कार्यालयातल्या यंत्रावरून जायचे. लाल चिठ्ठी वर्षातून दोनतीनदाच निघायची. चिठ्ठी मिळाली की पंपचालक एकच शब्द उलट पाठवायचा. 'मिळाले.'

तेव्हा पंपघरात टेलिफोनही होता. मग एक परिपत्रक निघालं की तोंडी निरोपांमुळे वाद होतात, सबब तोंडी निरोप बंद, आणि टेलिफोन काढून नेला. परिपत्रकावर सही कोणाची होती ते मी सांगत नाही. अध्यक्षांचा मान ठेवायचा असतो.

तर एका सोमवारी सकाळी अकराला तीन नंबरच्या टाकीचा नमुना बिघडलेला निघाला. धाकट्या बाई तेव्हा खरोखरच धाकट्या होत्या. नोकरी लागून चौदा महिने झालेले, अजून कायम झालेल्या नव्हत्या. मागच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या म्हणून आजारी आईला गावाहून घेऊन आलेल्या. बोलणं इतकं कमी, की मी तिला सुरुवातीला गर्विष्ठ समजले होते. तिने खिडकीपाशी बसून लाल चिठ्ठी लिहिली आणि पाठवली. उत्तराची वाट पाहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, 'मिळाले' येईना. फोन नव्हता. मग ही मुलगी नमुन्याची बाटली हातात तशीच घेऊन पुलावरून धावत सुटली. पंपघरात पोहोचली तेव्हा व्हॉल्व्ह उघडून दहा मिनिटं झाली होती. पंपचालकाने तो लगेच बंद केला. पण गेलेलं पाणी गेलं. त्या भागातल्या सगळ्या वाहिन्या धुऊन काढाव्या लागल्या. आजारी कोणी पडलं नाही, हे आपलं नशीब. पण पाच हजार घरांना दीड दिवस पाणी नव्हतं, आणि तहानलेला माणूस कारणं ऐकून घेत नाही.

चौकशी समिती बसली. वायरकाकांना लाइन तपासायला सांगितलं. त्यांनी कार्यालयातल्या यंत्रावरून पंपघराला चिठ्ठी पाठवली. क्षणात 'मिळाले' आलं. म्हणजे लाइन ठीक. खिडकीजवळच्या यंत्रात पाहिलं तर ती लाल चिठ्ठी जाणाऱ्या टपालात तशीच पडलेली. समितीने निष्कर्ष काढला, की बाईंनी चिठ्ठी लिहिली पण पाठवायची विसरल्या, आणि आठवलं तेव्हा धावल्या. धावत गेली हासुद्धा तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. चोर पकडणाऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहून त्यालाच आत टाकण्यातला प्रकार. आणि पुरावा सुरक्षित राहावा म्हणून समितीने ते यंत्र बंद करून त्यावर कागद चिकटवून सील केलं. आता सांगा, ज्या यंत्राबद्दल वाद, तेच बंद करून ठेवायचं आणि मग वादाचा निकाल लावायचा, याला काय म्हणावं? कॉन्व्हेंटमध्ये याला एक शब्द होता, पण तो सिस्टरांसमोर उच्चारायची सोय नव्हती.

पंधरा दिवसांनी सुनावणी होती. तीत ठपका ठेवला गेला असता तर तिची नोकरी कायम होणार नव्हती. नोकरी गेली की खोल्या गेल्या, आणि आजारी आईला घेऊन ती परत गावाला. एवढं सगळं एका चिठ्ठीवर टांगलेलं होतं.

त्या पंधरा दिवसांत केंद्रातल्या प्रत्येकाने तिला एकच प्रश्न विचारला. 'बटण दाबलं होतंस का?' समितीने विचारला. लिपिकांनी विचारला. मीही विचारला, दोनदा. ती दर वेळी 'हो' म्हणायची, आणि दर वेळी तो 'हो' थोडा बारीक व्हायचा.

वायरकाका दहाव्या दिवशी प्रयोगशाळेत आले. काहीतरी दुरुस्तीचं निमित्त केलं होतं. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "धाकट्या बाई, बटण दाबल्यावर तुम्हाला काय दिसलं?"

प्रश्नातला फरक कळला ना? आम्ही सगळे दाबलं का विचारत होतो. त्यांनी ते गृहीत धरलं आणि पुढचं विचारलं.

ती म्हणाली, पडद्यावरचं ते छोटं चाक फिरत राहिलं, नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ. मग थांबलं. मला वाटलं गेलं.

वायरकाका उठले आणि तडक माझ्या खोलीत आले. म्हणाले, सील तोडायला हवं, आणि अर्जावर तुमची सही हवी. मी म्हटलं, मला न समजलेल्या कागदावर मी सही करत नाही. आधी समजावून सांगा, आणि तुमची ती इंग्रजी आद्याक्षरं माझ्यासमोर मांडू नका. साध्या भाषेत सांगा. त्यांनी टेबलावरचा एक कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला.

"बाई, ही चिठ्ठी पंपचालकाला द्यायची आहे. इथे बसून त्याला हाक मारा."

"वेड लागलंय का? त्याला कशी ऐकू जाईल? मध्ये कालवा आहे."

"मग काय कराल?"

"दाराशी शिपाई बसलाय, त्याला हाक मारीन."

"चिठ्ठीवर नाव कोणाचं?"

"पंपचालकाचं."

"आणि हाक?"

"शिपायाला."

"झालं," म्हणाले. "संगणक एवढंच करतो."

मी पदवीधर बाई. चौतीस वर्षं रसायनांत घालवलेली. पण हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. ते पुढे म्हणाले, प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक लांबचा पत्ता, म्हणजे एक नंबर, जो आपण त्याला देतो. त्यावरून ते कोणत्या घरातलं हे कळतं. दुसरा जवळचा पत्ता, जो त्याच्या आतल्या कार्डावर कारखान्यातूनच कोरून येतो. एकाच घरातल्या दोन यंत्रांना एकमेकांच्या हातात काही द्यायचं तर जवळचा पत्ता लागतो. पण आपल्याला ठाऊक असतो फक्त लांबचा. मग यंत्र काय करतं? घरभर हाक मारतं, की अमुक नंबर कोणाचा, त्याने आपला जवळचा पत्ता सांगा. ती हाक घरातल्या सगळ्या यंत्रांना ऐकू जाते, पण ज्याचा नंबर आहे तेवढाच ओ देतो. मिळालेला पत्ता यंत्र काही मिनिटं लक्षात ठेवतं, मग मुद्दाम विसरतं आणि गरज पडली की पुन्हा विचारतं. कारण मधल्या वेळात कोणी बदलून गेलं असेल तर? मला ही सवय फार आवडली. आपण माणसं एकदा कोणाबद्दल मत केलं की मरेपर्यंत बदलत नाही.

आता पंपघर म्हणजे दुसरं घर. घराची हाक दाराबाहेर जात नाही, दारातलं राउटर ती अडवतं. अडवलीच पाहिजे, नाहीतर जगातल्या सगळ्या यंत्रांच्या हाका सगळ्यांच्या कानांत. म्हणून शहाणं यंत्र परक्या घरातल्या नंबरासाठी हाकच मारत नाही. ते दाराला हाक मारतं, दाराचा जवळचा पत्ता विचारून घेतं आणि चिठ्ठी दाराच्या हातात देतं. चिठ्ठीवरचा लांबचा पत्ता मात्र पंपघराचाच राहतो. दार ती चिठ्ठी पलीकडे नेतं, पलीकडच्या घरात आपली हाक मारतं, अमुक नंबर कोणाचा, आणि ज्याने ओ दिली त्याच्या हातात ठेवतं. वाटेत दहा दारं लागली तरी तसंच. प्रत्येक टप्प्याला वरचं वेष्टन बदलतं, आतल्या चिठ्ठीवरचं नाव बदलत नाही.

मी विचारलं, "पण पंपघर आपल्या घरातलं नाही, हे यंत्राला कोण सांगतं?"

त्यावर त्यांनी टेबलावर बोटाने एक चौकोन काढला. मग म्हणाले, त्यासाठी प्रत्येक यंत्रात एक आकडा घालतात. तो कुंपण कुठपर्यंत आहे ते सांगतो. कुंपणाचा आकडा चुकला, तर यंत्राला परकं घर आपलंच वाटतं. मग ते दाराकडे जातच नाही. घरातल्या घरात हाका मारत बसतं.

मी सही केली. सही करताना एवढंच म्हटलं, की हे जर खोटं निघालं तर तुमचं काही खरं नाही.

सुनावणीच्या दिवशी समितीसमोर त्यांनी अर्ज ठेवला. साहेब, म्हणजे आजचे अध्यक्ष, तेव्हा उपअभियंता आणि समितीचे प्रमुख होते. त्यांनी रास्त प्रश्न विचारला, की लाइन तुम्हीच तपासून ठीक आहे म्हणालात ना?

"दुसऱ्या यंत्रावरून तपासली, साहेब. चूक तिथेच झाली असेल."

मी न्यायाने बोलणारी बाई आहे, म्हणून हेही सांगते. साहेबांनी तिथल्या तिथे सील तोडायची परवानगी दिली. दुसरा कोणी असता तर त्याने तारीख दिली असती.

सगळी समिती उठून प्रयोगशाळेत आली. धाकट्या बाई भिंतीला टेकून उभ्या. वायरकाकांनी आपलं छोटं यंत्र त्याच जाळ्याला जोडलं. म्हणाले, हाक घरभर ऐकू जाते, तेव्हा ती माझ्या यंत्रालाही ऐकू येईल. मग खिडकीजवळचं यंत्र सुरू केलं. पंधरा दिवस झोपवून ठेवलेलं ते यंत्र जागं झालं, आणि जाणाऱ्या टपालातली ती लाल चिठ्ठी त्याने आपणहून पुन्हा उचलली. वायरकाकांच्या पडद्यावर एक ओळ उमटली. मग खाली तीच. मग पुन्हा तीच. सेकंदासेकंदाला. त्यांनी ती वाचून दाखवली. 'पंपघराचा नंबर कोणाचा? जवळचा पत्ता सांगा.' 'पंपघराचा नंबर कोणाचा? जवळचा पत्ता सांगा.' उत्तर नाही.

ते यंत्र विचारत होतं हो. त्या सोमवारीही विचारलं होतं. मुलीने बटण दाबलं होतं, यंत्राने हाक मारली होती, आणि ती हाक आमच्याच चार खोल्यांत फिरून विरली होती. कालव्याकडे गेलीच नव्हती. मी विचारलं, बाकीच्या यंत्रांना ती ऐकू आली असेल? वायरकाका म्हणाले, आली तर, सगळ्यांना आली. पण नंबर आपला नाही म्हणून गप्प बसली.

यंत्रांचं ठीक आहे. त्यांना तसं शिकवलेलंच असतं. पण त्या खोलीत आम्ही जी माणसं उभी होतो, आम्हाला कोणी शिकवलं होतं?

यानंतर जे घडलं त्यासाठी मी आज आले. वायरकाकांनी यंत्रातला कुंपणाचा आकडा उघडला. बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग साहेबांकडे वळले.

"अकरा वर्षांपूर्वी प्रयोगशाळा आणि पंपघर एकाच जाळ्यात होती, साहेब. मी ते तोडून दोन केले. तेव्हा बेचाळीस यंत्रांतला हा आकडा बदलायचा होता. एक्केचाळीस बदलले. हे राहिलं. धाकट्या बाईंची चूक नाही, माझी आहे. लिहून घ्या."

मग अकरा वर्षं चिठ्ठ्या जात कशा होत्या, असं समितीतल्या कोणीतरी विचारलं. त्याचं उत्तर ऐका, कारण ते मला कधीच विसरता येणार नाही. आपलं जुनं राउटर भिडस्त होतं. घरात कोणी पलीकडच्या माणसाला हाक मारली, की ते स्वतःच ओ द्यायचं. तो इथे नाही बाबा, पण आण इकडे, मी पोचवते. म्हणून ही चूक अकरा वर्षं झाकून राहिली. त्या सोमवारच्या तीन आठवडे आधी राउटर बदललं. नवं शिस्तीचं आलं. दुसऱ्याच्या नावाने ओ देत नाही. आकडा बरोबर असलेली एक्केचाळीस यंत्रं सरळ दाराला हाक मारत होती, त्यांना फरक पडला नाही. बेचाळिसावं वर्षातून दोनतीनदाच तोंड उघडायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक आकडा बदलला. धाकट्या बाईंनी बटण दाबलं. पुलापलीकडून 'मिळाले' आलं. आणि ती मुलगी, जी पंधरा दिवसांत कोणासमोर रडली नव्हती, ती तोंड फिरवून परीक्षानळ्या धुवायला लागली. धुतलेल्याच होत्या.

आता मला सांगा, वायरकाकांना त्या आकड्याबद्दल बोलायची गरज काय होती? नवं राउटर बदललं म्हणून बिघाड झाला, एवढंच म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. अकरा वर्षांपूर्वीचं कोण खणत बसलं असतं? त्या महिन्यात त्यांच्या बढतीचा कागद वर गेलेला होता. तो परत आला. ताकीद मिळाली. वहिनी, तुम्हाला त्यांनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. बढती तीन वर्षं पुढे गेली, ती या एका वाक्यामुळे. 'लिहून घ्या.' 

त्या ताकिदीनंतर या माणसाने काय केलं, तर बेचाळीसच्या बेचाळीस यंत्रांवर एकेक चिठ्ठी डकवली. लांबचा पत्ता, कुंपणाचा आकडा, दार कोणतं, आणि शेवटची तपासणी कधी. आजही आहेत, जाताना बघा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक यंत्रावरून एक खोटी लाल चिठ्ठी पंपघराला जायला लागली, आणि पंपचालक बेचाळीसदा 'मिळाले' लिहू लागले. पहिल्या महिन्यात ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते, की बाई, बोटं दुखतात. मी म्हटलं, दुखू देत. तेव्हापासून नऊ वर्षांत एकही लाल चिठ्ठी हरवलेली नाही. पंपघरात टेलिफोनही परत आला. तो परत आणणाऱ्या परिपत्रकावरची सहीसुद्धा अध्यक्षांचीच आहे, आणि ती मी आनंदाने सांगते.

वायरकाका, उद्यापासून तुम्ही येणार नाही. तुमच्या जागी ज्या बाई आल्या आहेत, त्यांना तुम्ही दोन महिने प्रत्येक यंत्रापाशी बसवून शिकवलंत, असं ऐकलं. आत शिरताना मी त्यांना एक प्रश्न विचारून पाहिला. म्हटलं, कोणी सांगितलं चिठ्ठी गेली नाही, तर पहिलं काय विचाराल? म्हणाल्या, "काय दिसलं ते विचारीन." मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

आता शेवटचं. असल्या भाषणांच्या शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. मी आजवर हे वाक्य चाळीस सभांत म्हटलं असेल आणि एकदाही मनापासून म्हटलेलं नाही. आज म्हणायचं आहे.

चौकशी समितीने माझाही लेखी जबाब घेतला होता. मी प्रयोगशाळाप्रमुख. माझ्या एका वाक्याला वजन होतं. मी लिहिलं, 'सहायिका म्हणते की तिने चिठ्ठी पाठवली. मी स्वतः पाहिलेलं नाही.' डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहावं, असं सिस्टरांनी शिकवलेलं. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. पण मी चौदा महिने या मुलीचं काम पाहिलं होतं. तिची एक नोंद कधी चुकलेली नव्हती. तेही मी डोळ्यांनीच पाहिलं होतं ना? ते लिहिलं नाही. 'म्हणते' हा शब्द घातला, आणि माझे हात कोरडे राहिले. तिला कोणीतरी ओ द्यायला हवी होती, आणि ती हाक माझ्याच घरातली होती. वायरकाकांनी आपली चूक त्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितली. मी माझी नऊ वर्षं ठेवून दिली. तो जबाब तू नंतर वाचलास हे मला ठाऊक होतं, धाकट्या बाई. तू कधी बोलली नाहीस. माझ्या निरोपाच्या दिवशी माझी बॅग दारापर्यंत घेऊन आलीस, तरी बोलली नाहीस. मीही नाही.

म्हणून आज, तू व्यासपीठावर आणि मी ध्वनिक्षेपकासमोर असताना, सगळ्या केंद्रादेखत सांगते. तो शब्द मी घालायला नको होता. माझं चुकलं. मला माफ कर.

मान हलवलीस ते दिसलं. पण मान हलवलेली मागच्या रांगेला दिसत नाही, आणि पोहोचलं की नाही ते कळल्याशिवाय खाली बसायचं नाही, हा या केंद्राचा नियम आहे. मोठ्याने बोल.

मंडळी, दाराजवळच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. ती 'मिळाले' म्हणाली.

वायरकाका, तुमचे आभार. वहिनी, तुमचे अधिक. अध्यक्ष महाराज, घंटी न वाजवल्याबद्दल तुमचेही. बाकी जे काही चुकलंमाकलं असेल, ते खुशाल लिहून घ्या.